कुरुंद्याला मानसोपचारतज्ज्ञ हवा

मनाच्या आजाराचा विषय निघाला की पुरोगामी चळवळीतील दोन प्रकारचे कार्यकर्ते अस्वस्थ होतात. एकाला हे शहरातील सुखवस्तू घरांचे दुखणे वाटते. पोटाची चिंता मिटलेल्यांनी ते खुशाल बाळगावे, असे तो म्हणतो. दुसऱ्याचा आक्षेप अधिक गंभीर आहे. शेतकऱ्याच्या आत्महत्येला मानसिक आजार हे नाव दिले की सरकार मोकळे होते. कर्ज, पाऊस आणि बाजारभाव यांचा हिशेब मागायला कोणी उरत नाही, असे त्याचे म्हणणे. पहिला आक्षेप अज्ञानातून आला आहे, दुसरा अनुभवातून. परंतु दोघांचे पर्यवसान एकाच ठिकाणी होते. मोर्चाच्या निवेदनात हमीभाव येतो, पीकविमा येतो, जळालेले रोहित्र येते. जिल्ह्यातील मानसोपचारतज्ज्ञाच्या पदाबद्दल एक ओळही येत नाही.

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील कुरुंदा हे गाव या चर्चेसाठी समोर ठेवावे. नरहर कुरुंदकरांच्या आडनावामुळे ते महाराष्ट्रभर माहीत आहे. टोकाई गडाचे नाव तिथल्या सहकारी साखर कारखान्याने घेतले आहे. हळद, सोयाबीन, ऊस यांवर जगणारा हा मुलूख. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टी होऊन कुरुंद्यात पाणी शिरले, संसार भिजले. अशा वेळी पंचनामे होतात. पंचनाम्याच्या नमुन्यात भिजलेल्या धान्याला रकाना असतो, खरडून गेलेल्या जमिनीला असतो. पुढे वर्षभर आभाळ भरून आले की ज्या बाईच्या छातीत धडधडते, तिला रकाना नसतो. हा दोष तलाठ्याचा नव्हे. शासनाने जे मोजायचे ठरवले नाही, ते तलाठी कुठून मोजणार?

कुरुंदकर १० फेब्रुवारी १९८२ रोजी गेले. त्याच वर्षी भारत सरकारने राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारला. मनोरुग्णांना दूरच्या भिंतींआड न पाठवता प्राथमिक आरोग्य केंद्रातच उपचार मिळावेत, ही त्यामागची कल्पना होती आणि ती उत्तम होती. कर्नाटकातील बेळ्ळारी जिल्ह्यात निम्हान्स या संस्थेने १९८५ ते १९९० या काळात ती प्रत्यक्षात उतरवून दाखवली. साधे वैद्यकीय अधिकारी आणि आरोग्य कर्मचारी, नीट शिकवले आणि पाठीशी तज्ज्ञ ठेवला, तर स्किझोफ्रेनिया आणि अपस्माराचे रुग्ण तालुक्याच्या पातळीवर सांभाळू शकतात, हे तिथे दिसले. १९९६ मध्ये त्याच धर्तीवर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. म्हणजे योजना नाही, अशी तक्रार कोणाला करता येणार नाही. या देशात योजनांचा दुष्काळ कधीच नव्हता.

आता थोडा हिशेब. २०११ च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ होती. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांमध्ये तीव्र मानसिक आजाराचे तत्कालीन प्रमाण ०.८ टक्के आढळले. (या सर्वेक्षणात १२ राज्ये होती आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता, आत्महत्यांत अग्रभागी असलेले राज्य नेमके वगळले गेले.) हिंगोलीतील प्रौढ सात लाख धरले तरी तीव्र आजाराचे रुग्ण ५,६०० होतात. यांत नैराश्य नाही, दारू नाही, बाळंतिणीचे दुःख नाही. ज्यांना घरचे लोक वेडा म्हणतात, तेवढेच हे आहेत. प्रत्येकाला महिन्यातून एकदा, फक्त १५ मिनिटे तपासायचे म्हटले तरी १,४०० तास लागतात. एक तज्ज्ञ महिन्याचे २५ दिवस, रोज सहा तास रुग्ण तपासत बसला तर त्याच्याजवळ १५० तास असतात. म्हणजे केवळ या रुग्णांसाठी नऊ तज्ज्ञ हवेत. जिल्हा पथकात मानसोपचारतज्ज्ञाचे पद एक असते.

या हिशेबातून 'मग अशक्यच आहे' असा निष्कर्ष काढणारे काढोत. खरा निष्कर्ष वेगळा आहे. समाजात जाऊन काम करणाऱ्या पथकातील वरिष्ठ मानसोपचारतज्ज्ञ हा मुख्यतः रुग्ण तपासणारा माणूस असूच शकत नाही. त्याचे काम शिकवण्याचे, पाठीशी उभे राहण्याचे आणि जबाबदारी घेण्याचे आहे. कुरुंद्याच्या आरोग्य केंद्रातील तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याला बाधा झाल्याचे सांगून आणलेल्या मुलीत आजार ओळखता आला पाहिजे. पहिले औषध लिहिताना त्याचा हात थरथरू नये. आणि औषधाने मान वाकडी झाली तर रात्री फोन कोणाला करायचा, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. लिथियम घेणाऱ्याचे रक्त वेळेवर तपासले गेले का, महिन्याचे इंजेक्शन चुकलेल्या माणसाच्या घरी परिचारिका गेली का, आशाताईने सांगितलेली शंका कोणी ऐकली का, हे पाहणारा तो माणूस. पथकात मानसशास्त्रज्ञ असतो, समाजकार्यकर्ता असतो, परिचारिका असते. त्यांचे म्हणणे ऐकून स्वतःचे निदान बदलण्याइतका मोकळेपणा ज्याच्याजवळ आहे, तो वरिष्ठ. केवळ वयाने आणि पगाराने वरिष्ठ असलेले जिल्ह्याच्या ठिकाणी पुष्कळ असतात.

वरिष्ठाचे आणखी एक काम आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. ते काम नाही म्हणण्याचे. सून नको म्हणून तिला वेडी ठरवू पाहणारा नवरा, वाटणी टाळण्यासाठी भावाचे प्रमाणपत्र मागणारा भाऊ, भटक्या माणसाला कुठेतरी डांबून टाका म्हणणारे गावपुढारी, या सगळ्यांसमोर ताठ उभे राहायला नुसती पदवी पुरत नाही. नोकरी पक्की असावी लागते. पथकातील पदे कंत्राटी ठेवून, दर वर्षी नूतनीकरणाची टांगती तलवार ठेवून हा ताठपणा कसा येणार? रुग्णाचा डॉक्टरवर विश्वास बसायला वर्ष लागते आणि डॉक्टरचा करार त्याआधीच संपतो. कामगार चळवळीने कंत्राटी पद्धतीविरुद्ध जे म्हटले, ते कारखान्याच्या फाटकापर्यंतच खरे आहे काय?

पैशाचे म्हणाल तर बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात केंद्राने या कार्यक्रमासाठी जिल्ह्यामागे वर्षाला ८३.२ लाख रुपयांपर्यंत मदत ठरवली. हिंगोलीच्या लोकसंख्येने भागले तर माणशी वर्षाला सात रुपये. एवढ्यात वसमतच्या स्थानकावर चहाचा कपही येत नाही.

आता त्या दुसऱ्या कार्यकर्त्याच्या आक्षेपाकडे वळावे लागेल, कारण तो उडवून लावण्यासारखा नाही. 'भाव द्या, मन आपोआप बरे होईल' हे त्याचे सूत्र. भाव दिलाच पाहिजे, याबद्दल वाद नाही. सोयाबीन हमीभावाखाली विकावे लागत असताना शेतकऱ्याला सकारात्मक विचारांची व्याख्याने देणे हा निर्लज्जपणा आहे. परंतु भाव मिळाला म्हणून स्किझोफ्रेनिया झालेल्या मुलाच्या कानातले आवाज थांबत नाहीत. कर्जाने आलेले नैराश्यही पुढे कर्जापासून सुटे होऊन स्वतःच्या बळावर चालू लागते. माणूस शेतात जात नाही, पीक हातचे जाते, कर्ज वाढते. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ओळखू येत नाही. २००८ ची केंद्राची कर्जमाफी झाली, २०१७ ची आणि २०१९ ची राज्याची झाली. त्या आवश्यक होत्या. तरीही आत्महत्या थांबल्या नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० माणसांनी आत्महत्या केल्या. त्यांत ४,२४८ महाराष्ट्रातील होत्या. आणि देशाच्या आकड्यातील ६,०८३ शेतमजूर होते, ५,२०७ शेतकरी.

मजुरांचा हा मोठा आकडा समाजवाद्यांनी तरी दोनदा वाचावा. राज्य शासन २००६ पासून आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला एक लाख रुपये देते. त्यासाठी जमीन नावावर असावी लागते, कर्ज दाखवावे लागते, वसुलीचा तगादा सिद्ध करावा लागतो; मग समिती बसते आणि मेलेल्या माणसाला पात्र किंवा अपात्र ठरवते. ज्याच्या नावावर गुंठाही नाही, त्या सालगड्याची, ऊसतोडीची उचल फिटली नाही म्हणून खचलेल्या मजुराची फाईलच उघडत नाही. त्याला भाव मिळायचा नाही, कारण त्याच्याजवळ विकायला पीक नाही. कर्जमाफी मिळायची नाही, कारण बँकेने त्याला उभे केले नाही. 'भाव द्या' हे सूत्र त्याच्या दारापर्यंत पोहोचतच नाही. सरकारी आरोग्य केंद्र मात्र पोहोचू शकते. तिथे सातबारा मागत नाहीत.

राज्य शासनाने २०१५ मध्ये मराठवाडा-विदर्भातील १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. हिंगोली त्यात आहे. आशांनी घरोघर जाऊन प्रश्नावलीवरून खचलेली माणसे हुडकायची, अशी त्याची रचना. हुडकणे चांगलेच. परंतु हुडकणारी आशा ही कर्मचारी नव्हे, स्वयंसेविका, असे तेच शासन म्हणते. मोबदल्यासाठी तिला २०२३ च्या अखेरीस आणि पुन्हा २०२४ च्या आरंभी संपावर जावे लागले. जिच्या स्वतःच्या घरची चूल अशी टांगलेली आहे, तिने शेजाऱ्याचे नैराश्य मोजायचे आणि मोजून झाल्यावर त्याला कोणाकडे न्यायचे, हा प्रश्नही तिच्याच पदरात. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ क्रमांकावर टेली मानस ही दूरध्वनी सेवा आहे. ती उपयोगाची आहे आणि कार्यकर्त्यांनी हा क्रमांक गावोगाव भिंतीवर लिहावा. पण फोन इंजेक्शन देत नाही.

नीट केले तर काय होते, याचा दाखला फार दूर नाही. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावातील माणसांना समुपदेशन शिकवले, त्यांच्यामागे तज्ज्ञ ठेवले. नैराश्य असलेल्यांपैकी आधी ४.३ टक्के लोक मदतीपर्यंत पोहोचत होते. दीड वर्षात हे प्रमाण २७.२ टक्के झाले. हीच शेती, हेच कर्ज, हाच पाऊस. इटलीत फ्रांको बासाल्या या डाव्या विचाराच्या मानसोपचारतज्ज्ञाने त्रिएस्ते शहरात मनोरुग्णालयाचे दरवाजे उघडले आणि रुग्णांना शहरात परत आणले. १९७८ मध्ये तिथे तसा कायदा झाला. तो कायदा डाव्यांना आपला विजय वाटला. इथल्या डाव्यांना मात्र हा विषय दवाखान्याचा वाटतो, राजकारणाचा नाही.

महाराष्ट्राची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. त्यांतले एकही मराठवाड्यात नाही. कुरुंद्याचा मजूर भ्रमिष्ट भावाला घेऊन येरवड्याला निघतो तेव्हा दोघांचे भाडे जाते, सोबतच्या तिसऱ्याचे जाते, सगळ्यांची मजुरी बुडते. एका फेरीनंतर तो पुन्हा जात नाही. मग साखळी येते, किंवा दर्गा, किंवा देवरुषी. तमिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ च्या आगीत साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले, तेव्हा सगळा देश हळहळला. साखळी बांधणाऱ्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. दिवसभर कामावर जावे लागणाऱ्या आईला पर्याय कोणता होता, हे विचारणे अवघड आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम महाराष्ट्रात मोठ्या निष्ठेने झाले, त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी प्राण दिले. परंतु बुवाला हटवल्यावर रिकामी झालेली जागा डॉक्टरने भरली नाही, तर दुसरा बुवा येतो.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २०१८ मध्ये अमलात आला. त्याच्या कलम १८ ने प्रत्येक नागरिकाला सरकारी मानसिक आरोग्यसेवेचा हक्क दिला. किमान सेवा जिल्ह्यात नसेल, तर जिल्ह्यातील अन्य ठिकाणी घेतलेल्या उपचाराचा खर्च शासनाने सोसावा, असे त्यात लिहिले आहे. कलम ९५ ने साखळीला बंदी केली. आणि कलम ३१ म्हणते की लोकसंख्येच्या प्रमाणात तज्ज्ञांची संख्या आंतरराष्ट्रीय निकषापर्यंत नेण्याचा शासन दहा वर्षांत प्रयत्न करील. ती मुदत २०२८ मध्ये संपते. 'प्रयत्न' हा शब्द घालणाऱ्या मसुदाकाराचे कौतुक करावे तेवढे थोडे. हिंगोलीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले, ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचे उद्घाटनही झाले. त्याच्या मानसोपचार विभागाला गावांची जबाबदारी बांधून दिली पाहिजे, नाहीतर तिथे घडणारा डॉक्टर पुण्याच्या वाटेला लागेल.

वसमत तालुक्यातील कार्यकर्त्यांना करण्यासारखे काम आजच आहे. कुरुंद्याच्या आरोग्य केंद्रात जिल्हा पथक कोणत्या तारखेला येते, ते फळ्यावर लिहिलेले आहे का, हे पाहावे. नसेल तर लिहून घ्यावे. मनोविकारावरची कोणती औषधे गेल्या सहा महिन्यांत किती दिवस शिल्लक नव्हती, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. ज्या घरात असा रुग्ण आहे, त्या घरातून कलम १८ खाली साध्या कागदावर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे अर्ज द्यावा. एका अर्जाने काही होत नाही, चाळीस अर्जांनी टेबल भरते. रुग्णाचे नाव चावडीवर वाचून दाखवू नये. अर्जाची पोच मात्र शिक्क्यासह घ्यावी.