सरंजामाचा अर्थ हेगने सांगावा?

मुक्ताईनगरच्या कापूस उत्पादकाला आंतरराष्ट्रीय कायद्याशी काय कर्तव्य, असे आमचे विद्वान विचारतात. उत्तर सोपे आहे. अमेरिकेच्या कापूस अनुदानांनी जगाचा भाव पडतो, म्हणून ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली आणि २००५ मध्ये अपिलातही जिंकली. २०१४ मध्ये अमेरिकेने ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन तंटा मिटविला. तापी-पूर्णेच्या काठी त्यातला छदामही आला नाही. कारण आपण दावेदारच नव्हतो.

हे शास्त्र विद्यापीठांत शिरले तेच राष्ट्रे घडविण्याच्या धामधुमीत. इटली एक होण्यापूर्वी, १८५१ मध्ये, नेपल्समधून परागंदा झालेल्या मांचिनी यांनी तुरिनच्या अध्यासनावरून प्रतिपादिले की, राष्ट्रीयत्व हाच या कायद्याचा पाया होय. हेच गृहस्थ पुढे परराष्ट्रमंत्री झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत, १८८५ मध्ये, इटलीने तांबड्या समुद्रावरील मसावा बंदर बळकावले. अध्यासनावरचे राष्ट्रीयत्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत टिकले नाही!

दिल्लीत १९५९ साली भारतीय आंतरराष्ट्रीय विधी संस्था स्थापन झाली, तेव्हा हेगच्या न्यायालयात पोर्तुगालचा दावा चालूच होता. १९५४ मध्ये स्वयंसेवकांनी दादरा व नगरहवेली मुक्त केली होती आणि पोर्तुगालला दमणहून तिकडे जाण्याचा हक्क हवा होता. वादाच्या मुळाशी १७७९ चा पेशव्यांशी झालेला तह आणि त्यानंतरच्या सनदा. मराठ्यांनी दिला तो केवळ महसुलाचा सरंजाम, सार्वभौमत्व नव्हे, हे न्यायालयाला मान्य झाले. पण पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांचे सार्वभौमत्व मानले, म्हणून तेही ग्राह्य धरले गेले. मुलूख मराठ्यांचा, मान्यता इंग्रजांची! १२ एप्रिल १९६० च्या निकालाने नागरिक, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांना वाट दिली. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रे यांना नाकारली. आणि भारताने कर्तव्यभंग केला नाही, असे ठरविले.

‘सरंजाम’ हा शब्द खानदेशातला शाळकरी पोरगाही इतिहासात वाचतो. त्या शब्दावर जगाचे न्यायाधीश वाद ऐकतात, आणि आमच्या विधी शाखेचा विद्यार्थी मात्र हा खटला इंग्रजी टिपणांतून परीक्षेपुरता घोकतो. जळगावच्या विद्यापीठाने हेगचा तो निकाल आणि कापसाचा तो निवाडा, दोन्ही मराठीत, संपूर्ण, अभ्यासक्रमात लावावेत. विलंब परवडणारा नाही. जागतिक व्यापार संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर २०१९ मध्ये ठप्प झाले. त्यावरील नेमणुका अडविल्या होत्या त्या कापूस खटला हरलेल्या अमेरिकेनेच.