करदात्याचा पहारा

रोकड सांभाळणारा आणि हिशेब तपासणारा एकच माणूस असू नये, हा नियम आपल्या वाडवडिलांना बँका निघण्यापूर्वीपासून ठाऊक होता. मुंबईसारख्या महानगराच्या कारभारात तोच नियम रुजविण्यासाठी सर फिरोजशहा मेहता यांनी चार दशकांहून अधिक काळ वेचला.

४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईतील पारशी व्यापारी कुटुंबात जन्मलेले फिरोजशहा १८६८ मध्ये बॅरिस्टर झाले. त्या काळी नगरपालिकेची सारी सूत्रे आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या हाती एकवटली होती. शहरात सुधारणा झाल्या, मोठी मंडई उभी राहिली; परंतु खर्च आवाक्याबाहेर गेला आणि करदाते संतापले. १८७१ साली क्रॉफर्ड यांच्यावर चहूबाजूंनी टीका होत असता या तरुण बॅरिस्टराने भर सभेत निराळी बाजू मांडली. दोष व्यक्तीपेक्षा व्यवस्थेचा आहे. अधिकाऱ्याचे हात बांधू नयेत, मात्र त्याच्यावर करदात्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींची देखरेख असावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. सभेस ते रुचले नाही. तथापि १८७२ च्या कायद्याने ६४ पैकी ३२ सभासद करदात्यांनी निवडावयाचे ठरले. १८८८ च्या कायद्याच्या घडणीतही फिरोजशहांचा मोठा वाटा होता. अंमलबजावणी आयुक्ताकडे, खर्चाची पारख स्थायी समितीकडे, ही रचना त्याच कायद्याची.

‘महापौर’ हे पद १९३१ पासूनचे. तत्पूर्वी त्यास अध्यक्ष म्हणत. फिरोजशहा १८८४, १८८५, १९०५ व १९११ असे चार वेळा अध्यक्ष झाले. त्यांचे खरे सामर्थ्य मात्र खुर्चीत नव्हे, कारभाराच्या बारकाव्यांच्या अभ्यासात होते. १९०७ मध्ये गोऱ्या अधिकाऱ्यांनी गट बांधून त्यांचा पराभव घडविला. निवडून आलेला एक सभासद अपात्र ठरल्यावर ते पुन्हा सभागृहात आले. १९११ मध्ये सोराबजी पोचखानवाला यांनी स्थापिलेल्या सेंट्रल बँक ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आले. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. महापालिकेच्या इमारतीसमोर त्यांचा पुतळा आजही उभा आहे.

आपल्या शेळगावची ग्रामपंचायत लहान, तिचे अंदाजपत्रकही लहान. तत्त्व मात्र तेच. घरपट्टी-पाणीपट्टी वेळेवर भरणारा व्यापारी ग्रामसभेच्या दिवशी दुकानातच बसून राहतो आणि सायंकाळी तुंबलेल्या गटाराविषयी तक्रार करतो. कर भरणे हे अर्धेच कर्तव्य होय. त्याचा हिशेब विचारणे हे उरलेले अर्धे. पुढील ग्रामसभेच्या वेळी तासभर गल्ला मुलाकडे सोपवावा आणि जमाखर्चाचा कागद मागून घेऊन शांतपणे वाचावा.