यंत्र थांबविण्याचा अधिकार

सातपूर, अंबड आणि सिन्नर येथील औद्योगिक वसाहतींत मोटर चालविण्याची रीत गेल्या काही दशकांत पालटली आहे. पूर्वी हिरवे बटण दाबले की मोटर पूर्ण वेगाने फिरू लागे आणि तांबडे दाबले की कॉन्टॅक्टर सुटून वीजप्रवाह तुटे. आता वीजपुरवठा आणि मोटर यांच्यामध्ये इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह असतो. वेग किती ठेवायचा, केव्हा थांबायचे, याची आज्ञा पीएलसीकडून पिळलेल्या दोन तारांच्या जोडीवरून संदेशरूपाने येते. एकाच जोडीवर अनेक ड्राइव्ह जोडता येतात. तारा वाचतात, वीजही वाचते. या प्रगतीला विरोध करण्याचे समाजवाद्यांना काहीच कारण नाही. परंतु संकटाच्या क्षणी यंत्र थांबविण्याचे कामही याच साध्या संदेशवाहिनीवर सोपविले जाते, तेव्हा विरोध केलाच पाहिजे.

कारण संदेश हरवू शकतो. मोटरच्या केबलला खेटून नेलेल्या तारेत विद्युत् उपद्रव शिरतो, तिचे आवरण नीट भूमिगत केलेले नसते, पीएलसी अडकून पडतो. म्हणून आयईसी ६०२०४-१ आणि आयएसओ १३८५० ही आंतरराष्ट्रीय मानके आपत्कालीन थांब्याला इतर सर्व आज्ञांहून वरचे स्थान देतात. सुरक्षेसाठी खास प्रमाणित केलेल्या संदेशप्रणाली आहेत. पण त्या नसतील तेथे पिवळ्या पार्श्वभूमीवरील तांबड्या बटणापासून ड्राइव्हच्या सुरक्षा-टर्मिनलपर्यंत स्वतंत्र तारच हवी. या मंडलात प्रवाह सतत वाहत असतो. बटण दाबले, तार तुटली किंवा स्क्रू सैल होऊन जोड सुटला, तरी प्रवाह खंडित होतो आणि ड्राइव्ह मोटरचे बळ काढून घेतो. शंकेचा फायदा कामगाराला मिळावा, अशी ही रचना आहे. जोखीम मोठी असेल तेथे असे दोन स्वतंत्र मार्ग ठेवून सुरक्षा-रिले त्यांची सतत पडताळणी करतो. दाबलेले बटण अडकून राहते. ते सोडविल्यावरही यंत्र आपोआप सुरू होता कामा नये. मात्र बळ गेले म्हणजे वीज गेली असे नव्हे. ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये प्राणघातक दाब काही काळ उरतो. म्हणून दुरुस्तीपूर्वी मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावावे, निर्मात्याने सांगितलेला वेळ थांबावे आणि दाब उतरल्याची खात्री मापकाने करून घ्यावी.

एवढी सुज्ञ रचना इंचभर तारेने निकामी करता येते. यंत्र वारंवार थांबते, पाळीचा आकडा गाठायचा असतो, मग कोणीतरी दोन टर्मिनलांमध्ये जंपर टाकतो. दोष वायरमनला दिला जातो; निर्णय मात्र अर्थशास्त्राचा असतो. यंत्र थांबल्याचा तोटा त्याच दिवशी मालकाच्या हिशेबात दिसतो. तुटलेल्या बोटांचा तोटा कामगाराच्या आयुष्यभर पसरतो. कर्मचारी राज्य विमा योजनेतील मालकाचा हप्ता २०१९ मध्ये वेतनाच्या ३.२५ टक्के ठरला. कारखान्यात अपघात किती झाले, यावर तो कमीजास्त होत नाही. जंपर टाकणाऱ्याचा आणि न टाकणाऱ्याचा दर एकच! ज्या निष्काळजीपणाची किंमत दुसऱ्याने मोजायची, तो निष्काळजीपणा बाजाराच्या नियमानेच फोफावतो.

कायदा काय म्हणतो? १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २४ व्या कलमाने प्रत्येक कार्यकक्षात आणीबाणीच्या वेळी वीज तोडण्याचे साधन बंधनकारक केले. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, धोकादायक प्रक्रियांतील कामगारांना येऊ घातलेला धोका मालकाच्या आणि निरीक्षकाच्या नजरेस आणून देण्याचा अधिकार मिळाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने हा अधिकार अधिक व्यापक केला. पण नजरेस आणून देणे म्हणजे संदेश पाठविणे. थांबायचे की नाही हे पुन्हा मालकानेच ठरवायचे. कायद्याने कामगाराच्या हाती संदेशाची तार दिली, थांब्याची दिली नाही. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा १९८१ चा १५५ वा करार याच्या पुढे गेला आहे. गंभीर धोक्याच्या सबळ शंकेने कामापासून दूर होणाऱ्या कामगाराला त्याबद्दल शिक्षा भोगावी लागू नये, असे तो सांगतो.

कायदा तेथवर येण्याची वाट न पाहता युनियनच्या कार्यकर्त्यांनी वेतनकरारातच चार कलमे घालून घ्यावीत. प्रत्येक थांबा-बटणाची ठरावीक दिवशी चाचणी व्हावी आणि तिच्या नोंदीवर कामगार प्रतिनिधीची सही असावी. लेखी परवानगी आणि ठरलेली मुदत यांवाचून जंपर टाकला जाऊ नये. सद्भावनेने बटण दाबणाऱ्याची मजुरी कापली जाऊ नये की त्याला नोटीस मिळू नये. आणि हे संरक्षण कंत्राटी कामगार व शिकाऊ उमेदवार यांनाही पहिल्या दिवसापासून लागू असावे. नोकरी जाण्याच्या भयाने बटणापाशी हात अडखळतो तो सर्वप्रथम त्यांचाच.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. तेव्हाही प्रश्न हाच होता: यंत्र कोणासाठी थांबणार? त्यांनी आठवड्यातून एक दिवस यंत्र थांबविले. आपल्याला एका क्षणापुरते थांबवायचे आहे. पण तो क्षण कोणता, हे यंत्राशेजारी उभ्या असलेल्या माणसाला ठरविता आले पाहिजे.