आधी आपली ट्यूब विझवा

मंडळी, तारे दिसत नाहीत म्हणून रस्त्यावरच्या दिव्यांच्या नावानं बोटं मोडायची आपल्याला भारी हौस. मीही मोडतो! पण भाईंदरच्या गच्चीवरच्या माझ्या पत्र्याच्या वेधशाळेत पांढरी ट्यूब लावली कोणी? मीच. डोळे अंधाराला सरावायला २०-३० मिनिटं लागतात. पांढऱ्या उजेडात ती कमाई क्षणात जाते. मंद लाल दिव्यात बरीचशी टिकते.

वायरिंगचं तर विचारूच नका. "चालतंय की" म्हणत जमिनीवर टाकलेलं २३० व्होल्टचं एक्स्टेंशन, त्यात खाडीची खारी हवा आणि रात्रीचं दव! एकदा चहा घेऊन आलेल्या आईचा हात दुर्बिणीच्या लोखंडी स्टँडला लागला आणि तिला झटका बसला. थोडक्यात निभावलं.

आता ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि अ‍ॅडॉप्टर जिन्याच्या खोलीत. आत फक्त १२ व्होल्ट आणि लाल एलईडी.

२०२४ साली पेंचला 'डार्क स्काय पार्क'चा मान मिळाला. भाईंदरला मिळणार नाही, ठाऊक आहे. पण सहा बाय सहाच्या खोलीतला अंधार तर आपल्या हातात आहे ना? तो आधी राखू, मग बाहेरच्या दिव्यांशी भांडू.

असो. आई अजूनही वर येते, पण चहा दारातच ठेवते.