स्वस्त घड्याळाचा कस

पहिला पगार हाती पडताच एखाद्या तरुणाने हजार-दीड हजार रुपयांचे झगझगीत मनगटी घड्याळ विकत घ्यावे आणि घरातील वडीलधाऱ्यांनी ते उलटसुलट करून ‘हे टिकणार किती दिवस?’ असे विचारावे, हा प्रसंग आज घरोघरी घडतो. प्रश्न रास्त आहे. परंतु केवळ किमतीच्या आकड्यावरून त्याचे उत्तर देणे हा त्या वस्तूवर, आणि ती आपल्या मिळकतीतून घेणाऱ्यावरही, अन्याय आहे. माझ्या मते स्वस्तपणा हा घड्याळाचा दोष नव्हे. जे अंगी नाही ते असल्याचा आव आणणे हा दोष आहे, आणि फॅशनच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या घड्याळांची परीक्षा याच एका निकषावर व्हावयास हवी.

घड्याळाचे प्रथम कर्तव्य वेळ दाखविण्याचे, आणि त्या बाबतीत या अल्पमोली वस्तूकडून सहसा कसूर होत नाही. सेलमधील विद्युत्प्रवाहाने क्वार्ट्झचा सूक्ष्म स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो, ही संख्या पंधरा वेळा निम्मी होत होत सेकंदाला एक स्पंद उरतो आणि त्या स्पंदासरशी काटा एक पाऊल पुढे सरकतो. 1969 च्या डिसेंबरात जपानच्या सेको कंपनीने असे पहिले मनगटी घड्याळ विक्रीस आणले, तेव्हा त्याची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. आज तेच तत्त्व सिटिझन समूहाच्या मियोटा 2035 सारख्या साध्या यंत्रात बसलेले असून, महिन्याकाठी वीसएक सेकंदांपलीकडे त्याची चूक जात नाही. चावीच्या उत्तम घड्याळालाही एका दिवसात काही सेकंद पुढेमागे होण्याची सवलत आपण आनंदाने देतो, हे ध्यानी घेतले म्हणजे अचूकतेसाठी अधिक पैसे मोजण्याचे प्रयोजन उरत नाही, हे उघड होते.

मग पैशाची काटकसर होते कोठे? ती होते घड्याळाच्या देहात. पाठीमागे ‘स्टेनलेस स्टील बॅक’ अशी अक्षरे कोरलेली दिसली की ग्राहक संपूर्ण घड्याळच पोलादी समजतो. वस्तुतः ती अक्षरे केवळ मागच्या झाकणापुरती असतात, आणि बाकीची चौकट बहुधा पितळेची किंवा जस्ताच्या मिश्रधातूची असून तिच्यावर पातळ मुलामा चढविलेला असतो. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत, घामाच्या सततच्या स्पर्शाने, हा मुलामा प्रथम पट्ट्याच्या सांध्यापाशी आणि कडांवर उडतो, आणि खालच्या थरात निकेल असल्यास काहींच्या त्वचेला खाजही सुटते. काचेची गोष्ट अशीच आहे. नीलमण्याच्या जातीची कृत्रिम काच वाळूच्या कणांपेक्षा कठीण असल्याने सहसा ओरखडत नाही, पण साधी खनिज काच त्या कणांपेक्षा मऊ असते, आणि रस्त्यावरच्या धुळीत ते कण विपुल असतात. ‘30 मीटर’ हा शिक्का पाहून पोहावयास उतरणाऱ्याने हेही जाणून असावे की तो आकडा प्रयोगशाळेतील स्थिर दाबाचा आहे. व्यवहारात त्याचा अर्थ हात धुताना उडणारे शिंतोडे सोसण्यापुरताच.

या सर्व मर्यादा मला मान्य आहेत, कारण कमी पैशांत कमी धातू मिळणे हा सरळ हिशेब झाला. मला अमान्य आहेत त्या तबकडीवर नुसत्या छापलेल्या लहान तबकड्या, ज्यांचे काटे कधीच हलत नाहीत. दाबले तरी काहीच न करणाऱ्या बाजूच्या कळा. आणि छापील किमतीवर काट मारून दाखविलेली भरघोस सूट. कमाल किरकोळ किंमत म्हणजे विक्रेत्याने याहून अधिक घेऊ नये एवढी मर्यादा. वस्तूच्या योग्यतेचा तो दाखला नव्हे, आणि तो आकडा उत्पादक किंवा आयातदारच ठरवितो, याचा विसर पडू देऊ नये.

स्वस्त असूनही सचोटीचे घड्याळ घडविता येते, याला इतिहासाची साक्ष आहे. सिटिझनच्या सहकार्याने 1961 साली बंगळूरला सुरू झालेल्या एचएमटीच्या कारखान्यातून निघालेल्या ‘जनता’ची तबकडी साधी होती, आणि चावी देण्यापलीकडे तिने कसलाही डौल मिरविला नाही, 1983 साली स्वित्झर्लंडमधून आलेले स्वॉच अवघ्या 51 भागांचे होते आणि त्याने आपले प्लॅस्टिक लपविले नाही, उलट त्यालाच रंगरूप दिले, कॅसिओचे 1989 चे एफ-91डब्ल्यू तर आजही त्याच साध्या रूपात विकले जाते. ही घड्याळे रंकाच्या हाती गेली, रावाच्याही गेली, आणि कोणत्याही हातावर त्यांनी धनिकाचे सोंग आणले नाही.

तेव्हा खरेदी करणाऱ्याने ब्रँडच्या अक्षरांपूर्वी चार गोष्टी पाहाव्यात: आतले मशीन कोणाचे, चौकट कशाची, पट्टा प्रमाणित रुंदीचा असून बदलता येतो की नाही, आणि मागचे झाकण उघडून गल्लीतला घड्याळजी सेल बदलू शकेल की नाही. यांची उत्तरे समाधानकारक असतील तर हजार रुपयांचे घड्याळ अनेक वर्षे इमानेइतबारे सेवा देईल; सेल संपला म्हणून ते फेकून देण्याचे कारण नाही, आणि साधे मशीन बिघडले तरी ते संपूर्ण बदलण्यास फारसा खर्च येत नाही. पक्के बिल आणि हमीपत्र मात्र मागून घ्यावे. उत्पादकांना माझी विनंती एवढीच आहे की चौकटीचा धातू, काचेचा प्रकार आणि मशीनचे नाव त्यांनी वेष्टनावर मराठीत, स्पष्ट अक्षरांत नमूद करावे. जो हा तपशील देण्यास तयार नाही, त्याचे घड्याळ कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये.