गोल्फ क्लब चौकाच्या आतलं आणि बाहेरचं

स्पष्टच लिहितो. कुणाला टोचलं तर टोचू द्या.

येरवड्याचा गोल्फ क्लब चौक आपल्याकडच्या सगळ्यांना माहीत आहे. पण कशासाठी? ट्रॅफिकसाठी. त्या भिंतीच्या आत पूना क्लबचं गोल्फ मैदान आहे, तिथं देशातले व्यावसायिक खेळाडू स्पर्धा खेळायला येतात, हे कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूरच्या किती पोरांना माहिती असेल? आणि कुणी विषय काढलाच, तर चहाच्या टपरीवर एकच वाक्य तयार असतं: "सोड रे, श्रीमंतांचा खेळ आहे तो."

माझं भांडण या वाक्याशी आहे. कारण ते ज्यांच्या सोयीचं आहे ते भिंतीच्या आत बसलेत, आणि आपण बाहेर उभं राहून त्यांची वकिली करतोय. फुकटात.

इंडियन ओपन ही आपल्या देशातली मोठी गोल्फ स्पर्धा, १९६४ साली सुरू झालेली. १९६५ ला पी. जी. सेठी या हौशी भारतीयाने ती जिंकली आणि पुढं पंचवीस वर्षं परदेशी खेळाडूच चषक नेत राहिले. १९९१ ला तो परत कुणी आणला? अली शेरने. दिल्लीच्या मैदानावर लोकांच्या बॅगा उचलणारा कॅडी. १९९३ ला त्यानेच परत जिंकली. महूचा मुकेश कुमार घ्या. होय, बाबासाहेबांचं जन्मगाव तेच महू. २०१६ साली वयाच्या ५१ व्या वर्षी या माणसाने आशियाई टूरवरची पॅनासोनिक ओपन जिंकली. आपल्याकडं ५१ व्या वर्षी माणूस गुडघ्याला तेल चोळत बसतो.

बॅग उचलणाऱ्यांनी या देशाला खेळ जिंकून दिलाय आणि आपण म्हणतो श्रीमंतांचा!

आता पापवा सेवगोलमचं ऐका. दक्षिण आफ्रिकेत गिरमिट्या म्हणून नेलेल्या भारतीय मजुरांच्या घरातला पोरगा, शाळा नाही, लहानपणापासून कॅडी. स्टिक धरायची पद्धतही उलटी, डावा हात खाली. १९५९ मध्ये त्याने युरोपात डच ओपन जिंकली. १९६३ ला डर्बनमध्ये गोऱ्यांना हरवून नाताळ ओपन जिंकली. पण क्लबच्या इमारतीत काळ्या कातडीला मज्जाव. म्हणून बक्षीस दिलं बाहेर, भर पावसात. गोरे खेळाडू आत कोरडे, विजेता बाहेर ओला. १९६५ ला त्याने जगज्जेत्या गॅरी प्लेयरलाही मागं टाकलं, आणि थोड्याच दिवसांत त्याच्यावर स्पर्धांची बंदी आली. दर १ जानेवारीला ज्या गावात समतेसाठी लाखो लोक येतात, तिथं हा माणूस कुणाला सांगावा लागू नये. पण सांगावा लागतो.

आमच्या व्यवसायाबद्दलही बोलतो. मराठी पेपरात गोल्फ कधी येतो? ७ ऑगस्ट २०२१ ला सकाळी आला. अदिती अशोक टोकियोत चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. सगळा देश पहाटे उठून बर्डी म्हणजे काय ते विचारत होता. संध्याकाळी नीरजचं सुवर्ण आलं आणि अदिती आतल्या पानावर गेली. त्याच ऑलिम्पिकमध्ये पुण्याचा उदयन माने खेळून आला. आपल्या जिल्ह्याचा ऑलिम्पियन! पोस्टर पाहिलं कुठं? आपल्याकडं ग्रामपंचायतीला बिनविरोध आलेल्याचं बघायला मिळतं. २०२५ मध्ये आयजीपीएल नावाची नवी मालिका आली, जुन्या पीजीटीआयशी वाजलं, तर मथळ्यात कोण? कपिल देव आणि युवराज. ज्यांचं पोट त्यावर आहे ते खेळाडू बातमीच्या शेपटात.

आणि त्यांचं पोट कसं चालतं? दोन दिवसांनंतर "कट" लागतो, साधारण निम्मे खेळाडू घरी जातात. त्यांना एक रुपया नाही. प्रवास, लॉज, प्रवेश फी, कॅडीची मजुरी, सगळं खिशातून. स्पॉन्सर नसलेल्या पोराला असे चार आठवडे लागोपाठ गेले की संपला.

आता कमेंटमध्ये कोण येणार तेही माहीत आहे. "साहेब, इथं उन्हाळ्यात टँकर लागतो आणि तुम्हाला हिरवळ पाहिजे?" बरोबर आहे. १८ होलच्या मैदानाला शंभर एकराच्या वर जमीन आणि बेसुमार पाणी लागतं. ते कुणी मागितलं तर पहिला विरोध माझा असेल. पण साधा हिशोब बघा. ७२ पारच्या मैदानात ३६ फटके पटिंगचे धरलेले असतात, म्हणजे होलजवळ हळूच चेंडू ढकलायचे. निम्मा खेळ व्हॉलीबॉलच्या मैदानाएवढ्या सपाट जागेत शिकता येतो. लांब मारायच्या सरावाला, म्हणजे ड्रायव्हिंग रेंजला, सहा-सात एकर पुरतात, तेही खडकाळ माळ चालतो. उभं राहायला चटई टाकली की झालं. पटिंगच्या तुकड्यापुरतं प्रक्रिया केलेलं सांडपाणी भागवेल.

सरकारचं हे काम नाही, असंही सांगू नका. सिडकोने खारघरला गोल्फ मैदान केलंच ना? दिल्लीत डीडीएने कुतुबजवळ सार्वजनिक मैदान केलं, पैसे भरा आणि खेळा. अहो, ज्या स्कॉटलंडात हा खेळ वाढला तिथलं सेंट अँड्र्यूजचं जुनं मैदान सार्वजनिक जमिनीवर आहे. रविवारी खेळ बंद ठेवतात आणि गावातले लोक तिथं कुत्री फिरवतात! मग पीएमआरडीएला वाघोली ते शिक्रापूर या पट्ट्यात सहा एकर सापडत नाहीत? प्लॉटिंगवाल्यांना बरे सापडतात.

दुसरी मागणी क्लबांकडं. आठवड्यातून एक सकाळ जिल्हा परिषदेच्या शाळांच्या पोरांसाठी ठेवा. जुन्या स्टिका त्यांना द्या. कॅडींना खेळायला जो वेळ देता तो मेहेरबानी म्हणून देऊ नका, नियमात लिहा.

पीएमआरडीए आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज तयार आहे. येत्या ग्रामसभेत ठरावासाठी मांडणार आहे. सही करायची असेल त्यांनी मेसेज करा. विरोध असेल त्यांनीही या, पण समोर येऊन बोला.