घरकुलाच्या हिशेबात न धरलेला खर्च : संडासची टाकी उपसणार कोण?

घरकुलाचा हप्ता खात्यावर पडला की वस्तीत चर्चा स्लॅबची होते, मग फरशीची, मग रंगाची. संडासची टाकी सगळ्यात शेवटी. उरलेल्या पैशात गवंडी सांगेल तशी ती बांधली जाते. मी ज्या वस्त्यांवर काम करते तिथे गवंड्याचं माप जवळपास ठरलेलं असतं : आठ फूट लांब, सहा फूट रुंद, आठ फूट खोल. वर "एकदा मोठी करून टाका, वीस वर्षं बघायला नको" हा सल्ला. लोकांना तो पटतो, कारण उपशाचा खर्च आणि किळस दोन्ही टळल्यासारखं वाटतं.

या मापाचा हिशेब करून बघा. पाच माणसांच्या कुटुंबासाठी सेप्टिक टँकचं भारतीय मानक साधारण दीड मीटर लांबी, पाऊण मीटर रुंदी आणि एक मीटर पाण्याची खोली एवढंच सांगतं. त्यावर फूटभर मोकळी जागा. म्हणजे जेमतेम 54 घनफूट. गवंड्याची टाकी 384 घनफुटांची, सातपट. मानकातली लहान टाकी दर एक-दोन वर्षांनी उपसायची आहे हे गृहीत धरलेलं असतं. आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी त्यात सोडायचं नसतं, हेही आहेच. तरी दुप्पट माप धरलं तरी खोदाई, विटा, सिमेंट यांतले बरेच पैसे वाचतात.

मोठ्या टाकीत पैसे संपतात आणि मग जे खरंच लागतं तेच राहून जातं. मधली भिंत नसते, व्हेंट पाइप नसतो, शोषखड्डा तर नसतोच. टाकीतून बाहेर पडणारं पाणी स्वच्छ नसतं, ते जमिनीत मुरवावं लागतं. आपल्याकडे पाइप सरळ गटारात सोडतात आणि गटार बहुतेक वेळा खालच्या अंगाला असलेल्या वस्तीतूनच जातं. वरून स्लॅब टाकून प्लास्टर केलं की उघडायला ढापासुद्धा राहत नाही. काही ठिकाणी त्यावर तुळशीवृंदावन नाहीतर मोटारसायकल उभी असते.

"वीस वर्षं भरली नाही" याचा अर्थ पाणी निघून गेलं आणि गाळ राहिला. वर्षानुवर्षं न काढलेला गाळ तळाशी घट्ट बसतो, सक्शन गाडीचा पाइप तो ओढू शकत नाही. मग स्लॅब फोडतात आणि फावडं-बादली घेऊन माणूस उतरवतात. आत हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. त्याचं प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वासही येईनासा होतो. पहिला पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो. बातम्यांत एका टाकीत दोन-तीन जण गेले असं वाचतो, ते यामुळे.

उतरणारा कोण असतो हे या वाचकांना सांगायला नको. मेहतर, रुखी, मातंग आणि आपल्यातलीही बेकार पोरं. मेलेली ढोरं ओढायचं सोडलेल्या समाजाच्या घरकुलाखाली पुन्हा तसंच काम तयार होतंय, आणि ते आपण आपल्याच पैशाने बांधतोय, हे मला टोचतं.

कायद्याने हे बंद आहे. हाताने मैला उचलण्यास बंदी घालणारा 2013 चा कायदा त्या वर्षी 6 डिसेंबरला, महापरिनिर्वाणदिनी, लागू झाला. सुरक्षा साधनांशिवाय गटार किंवा सेप्टिक टँक साफ करायला कुणालाही लावता येत नाही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यातलं 'कुणालाही' फक्त नगरपालिकेला लागू नाही, घरमालकालाही लागू आहे. डिसेंबर 2019 मध्ये मुंबईत गोवंडीच्या एका खासगी सोसायटीच्या टाकीत तीन कामगार गेले. त्यांच्या पत्नी उच्च न्यायालयात गेल्या तेव्हा, जागा खासगी असली तरी शासनाची जबाबदारी संपत नाही, असं म्हणत न्यायालयाने 2021 मध्ये 10 लाखांची भरपाई द्यायला लावली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये मृत्यूची भरपाई 30 लाख केली. रक्कम वाढली, पण गवंड्याचं माप तेच आहे.

आता पैशाचं. स्वच्छ भारत मिशनचं अनुदान 12,000 रुपये आहे आणि अनुसूचित जातीच्या कुटुंबांना, म्हणजे नवबौद्धांनाही, ते दारिद्र्यरेषेची अट न लावता मिळतं. या रकमेत मोठी टाकी होत नाही. सावकाराकडून किंवा बचत गटातून पैसे उचलावे लागतात. दोन शोषखड्ड्यांचा संडास मात्र या रकमेच्या बराच जवळ बसतो. साधारण मीटरभर रुंदीचे, मीटर-सव्वा मीटर खोलीचे दोन खड्डे, जाळीदार विटकाम, तळ मातीचा, मध्ये चेंबर. एक भरला की चेंबरमधून दुसऱ्यात वळवायचं. भरलेला दीड-दोन वर्षं बंद ठेवला की आत खत होतं, ते कोरडं असतं आणि घरचा माणूस काढू शकतो. विहीर-बोअरपासून निदान 10 मीटर अंतर हवं. काळ्या मातीत पाणी नीट मुरत नाही, कोकणात पावसाळ्यात पाणी वर येतं. तिथे टाकीच करावी लागते, हे मान्य.

टाकी करायचीच असेल तर हिशेबात तीन गोष्टी लिहून घ्या : उघडता येणारे ढापे, शोषखड्डा आणि उपशाची गाडी. गाडीचे दर गावागावात वेगळे, पण महिन्याला शंभर रुपये बाजूला टाकले तरी तीन वर्षांत 3,600 जमतात. गाडी दारापर्यंत येईल का, हेही आधीच बघा. बोळ अरुंद असेल तर टाकी मागे न घेता रस्त्याकडे घ्या. जुना एकच खड्डा भरला असेल तर तो फोडू नका. शेजारी दुसरा खणा, मध्ये चेंबर बसवा.

हा खर्च एकेका कुटुंबावर टाकणंही बरोबर नाही. वाई आणि सिन्नर नगरपालिकांनी तीन वर्षांच्या पाळीने घरोघर उपसा सुरू केला आणि पैसे कराच्या रूपाने घेतले, त्यामुळे गाडी आली त्या दिवशी कुणाला रक्कम मोजावी लागत नाही. ग्रामपंचायतींना पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत स्वच्छतेसाठी बांधील रक्कम होती. स्वउत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात, ते बऱ्याच ठिकाणी खुर्च्या आणि सतरंज्यांवर जातात. ग्रामपंचायतीचा पुढच्या वर्षाचा आराखडा 2 ऑक्टोबरच्या आसपास सुरू होतो. आपल्या मंडळाने त्याआधी वस्तीतल्या टाक्या मोजाव्यात : किती जणांना ढापा आहे, किती जणांचा पाइप गटारात आहे, शेवटचा उपसा कधी आणि कुणी केला. शेवटच्या रकान्यात माणसाचं नाव आलं तर त्याच्या घरीही एकदा जाऊन या.